पाट्यापाशी शिकलेली भाषा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. त्याआधी कितीतरी वर्षं मी नुसता धोंडा होतो, तोमेबांबा नदीच्या पात्रात आडवा पडलेला. अंगावरून गार पाणी जायचं. डोंगरावरचं धुकं सकाळी खाली उतरून माझ्या पाठीवर टेकायचं आणि ऊन आलं की न सांगता निघून जायचं. मी झोपेत असायचो. ती झोप होती हेही मला फार उशिरा कळलं, कारण तोवर जाग कधी आलीच नव्हती.

जाग आली ती छिन्नीच्या घावाने. मेसियास किश्पी नावाच्या पाथरवटाने मला नदीतून उचललं, खेचरावर घातलं आणि अकरा दिवस ठोकलं. घाव घालताना तो शिट्टी वाजवायचा. शिट्टीचा सूर चुकला की हात थांबवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. शेवटी त्याने मला वाळूने घासलं, माझ्या पोटावरून तळहात फिरवला आणि लेकीच्या लग्नात मला तिच्या पदरात घातलं. लेकीचं नाव ओबदुलिया.

कुएंका शहरात, नदीवरून वर येणाऱ्या चढावर ओबदुलियाचं घर होतं. तिने अंगणात तीन टेबलं मांडली आणि दुपारचं जेवण विकायला सुरुवात केली. बटाट्याचं सूप, उकडलेला मका, कधी भात आणि कोंबडी. पण लोक यायचे ते चटणीसाठी. ती चटणी माझ्यावर व्हायची. मिरची, झाडावर पिकणारे लाल आंबट टोमॅटो, भोपळ्याच्या बिया, मीठ, कोथिंबीर. गवंडी यायचे, गवताच्या टोप्या विणणाऱ्या बायका यायच्या. कोणी म्हणायचं, "ओबदुलिया, तुझ्या हाताला चव आहे गं!" तर ती मला थोपटून म्हणायची, "माझ्या नव्हे, ह्याच्या पाठीला आहे."

मी दगड असलो तरी असं ऐकून फुगत नव्हतो असं नाही.

ओबदुलिया गेली आणि तिची मुलगी सोईला अंगणाची मालकीण झाली. तिनेही मला वीस वर्षं राबवलं. मग एका वाढदिवसाला तिच्या लेकीने, मारित्साने, खोक्यातून मिक्सर काढून ओट्यावर ठेवला.

"आई, मनगटं दुखतात म्हणतेस ना? आता बटण दाब आणि मोकळी हो."

मनगटं खरंच दुखत होती. मी ती रोज जवळून पाहत होतो. त्यामुळे मला राग धरता आला नाही. दोघींनी मला उचलून अंगणात नेलं, पायरीजवळ ठेवलं आणि वरवंटा माझ्या पोटावर आडवा टाकला. पावसात माझ्या अंगावर शेवाळ आलं. दुपारी मांजर येऊन निजायचं. खालून नदीचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, आपण पुन्हा पाण्यातच आहोत, मधलं सगळं स्वप्न होतं.

त्या अर्धवट झोपेतच मी परदेशी माणसांची बोली पहिल्यांदा ऐकली.

आमच्या शहरात तेव्हा दूरदूरच्या देशांतून म्हातारी माणसं राहायला येऊ लागली होती. नोकऱ्या संपवून, घरं विकून. त्यांतल्या चौघांनी सोईलाच्या अंगणातलं लांब टेबल दर गुरुवारी आपलं केलं. पायरी त्या टेबलाला लागूनच होती, त्यामुळे त्यांची इंग्रजी माझ्या कानावर पडत राहिली आणि हळूहळू कळू लागली. दगडाला कसली घाई?

चौघांतला डेल टेक्सासचा. गावातल्या प्रत्येक खानावळीचं नाव त्याच्या वहीत होतं, आणि नावापुढे चांदण्या काढलेल्या असायच्या.

"मासा खायचा तर डोंगरातल्या तळ्यापाशी," तो सांगायचा. "बाकी सगळे मासे म्हणजे पाण्याची बदनामी."

"मागच्या गुरुवारी तर कोळंबीवाला पहिल्या नंबरवर होता," लॉइस म्हणायची.

"मागच्या गुरुवारी मला भूक जास्त लागली होती."

लॉइसने ओहायोत एकतीस वर्षं शाळेत आमची भाषा, म्हणजे स्पॅनिश, शिकवली होती. तिचं स्पॅनिश इस्त्री केल्यासारखं होतं. सोईला तिला म्हणायची, "बाई, तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलता. ऐकताना मी आपोआप ताठ बसते."

उरलेले दोघे एर्विन आणि नोरीन, कॅनडातलं जोडपं. एर्विन रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. उंच, हाडकुळा, इंग्रजीत फार कमी बोलणारा. खानावळींचा वाद रंगला की तो एवढंच म्हणायचा, "माझी पहिल्या नंबरची ही. बसलोय तिथेच आहे." पण स्पॅनिशमध्ये त्याची जीभ सुटायची. तो बाकीच्यांच्या तासभर आधी यायचा, पायरीवर बसायचा, माझ्यावर टोपली ठेवायचा आणि सोईलाला शेंगा सोलून द्यायचा. सोलता सोलता ती बोलायची आणि तो तिच्यामागून म्हणायचा. पुस्तक त्याने कधी उघडलं नाही. त्यामुळे तो थेट सोईलासारखं बोलायला लागला, आमच्या शहराचा हेल काढून.

आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी आदराने 'डॉन' लावतात, बाईच्या नावाआधी 'डोन्या'. कोणी "मीठ द्या" असं कोरडं म्हणत नाही. "निष्ठुर नका होऊ, मीठ देऊन टाका ना," असं म्हणतात. थंडी वाजली की "अचाचाय!" आणि चटका बसला की "अरराय!" म्हणतात. हे दोन उद्गार डोंगरातल्या जुन्या लोकांच्या भाषेतले.

"हे स्पॅनिश नाही," लॉइस एकदा म्हणाली. "कुठल्याही नीट शब्दकोशात मिळणार नाही."

"मग नीट माणसांना चटका बसल्यावर ती काय करतात?" सोईलाने विचारलं.

"गप्प बसतात," एर्विन म्हणाला, आणि सोईला इतकी हसली की तिच्या हातातली पळी खाली पडली.

नोरीन या सगळ्यात नसायचीच. ती विणकाम घेऊन बसायची. चटणीला हात लावायची नाही. सात वर्षांत ती "आभार" आणि "नको" याखेरीज तिसरा शब्द शिकली नव्हती. कोणी टोकलं तर म्हणायची, "एर्विन आहे ना बोलायला. एका घरात दोन पोपट कशाला?"

एका गुरुवारी टेबल रिकामं राहिलं. उशिरा डेल एकटाच आला. वही न उघडता बसला. सोईला समोर उभी राहिली तेव्हा त्याने आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, "एर्विन. डोकं. रक्ताची गाठ. दवाखाना." सोईलाने कमरेचा रुमाल सोडला आणि त्या दिवशीचं जेवण तिने वाढलंच नाही.

तीन आठवड्यांनी नोरीन त्याला घेऊन आली. त्याचा उजवा हात झोळीत होता. सगळे उठून उभे राहिले. तो कोणाकडे पाहून हसला नाही की काही बोलला नाही.

"तो बोलतच नाही," नोरीन लॉइसला हळू आवाजात सांगत होती. "मी बोलते तेव्हा नुसता बघत राहतो. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येईल, कधी ते सांगता येत नाही. एकावन्न वर्षं झाली लग्नाला, लॉइस. मी कोणी परकी बाई असल्यासारखा बघतो माझ्याकडे."

सोईलाने त्याच्यापुढे सूप ठेवलं. त्याने डाव्या हाताने चमचा उचलला, तोंडात घातला आणि म्हणाला, "अरराय."

सोईला त्याच्या खुर्चीजवळ वाकली. "चटका बसला, डॉन एर्विन?"

"बसला," तो म्हणाला. शब्द घोगरा होता, पण आमचा होता, हेलासकट. "निष्ठुर नका होऊ. थोडी चटणी घालून टाका ना."

नोरीन सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "काय म्हणाला? लॉइस, काय म्हणाला तो?"

मित्रांनो, नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं क्वचित होतं. डोक्यातल्या घराचा एक भाग कोसळतो आणि दुसरा उभा राहतो. एर्विनची जन्माची भाषा ढिगाऱ्याखाली गेली होती. उरली होती ती पायरीवर शेंगा सोलताना मिळालेली. नवऱ्याला वाचा होती, पण बायकोला ती कळत नव्हती.

नोरीन लॉइसकडे शिकवणीला बसली. रोज सकाळी पुस्तक, क्रियापदांचे तक्ते, परीक्षा. महिन्याभरात तिला पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं येऊ लागली. "ग्रंथालय कोठे आहे?" असं ती न अडखळता विचारायची. पण एर्विन ग्रंथालयाबद्दल कधी बोलतच नव्हता.

एका गुरुवारी तो म्हणाला, "मीठ देऊन टाका ना."

लॉइसच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नुसतं 'द्या' म्हणायचं, एर्विन. 'देऊन टाका' हे व्याकरणात..."

"लॉइस," नोरीन म्हणाली. "तो बोलतोय."

लॉइसने पुस्तक मिटलं. तिचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, "मला जी भाषा येते ती तो बोलत नाही, नोरीन. चूक माझ्या शिकवण्यात आहे. तू हिच्याकडे शीक." आणि तिने सोईलाकडे बोट दाखवलं.

सोईलाने नोरीनला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मिक्सरमध्ये मिरच्या टाकल्या, बटण दाबलं आणि नावं सांगायला लागली. त्या घरघराटात नोरीनला एक अक्षर ऐकू येईना. सोईलाने बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग वैतागून म्हणाली, "ह्या मेल्यापुढे बोलायची सोय नाही!" ती तरातरा अंगणात आली आणि नऊ वर्षांनी तिने माझ्या पोटावरचा वरवंटा उचलला.

माझ्या अंगावरचं शेवाळ नोरीनने घासून काढलं. कसं घासायचं ते सोईला हातवाऱ्यांनी दाखवत होती. मग त्या दोघी मला मध्ये घेऊन बसल्या. एर्विन पायरीवर टेकला. नोरीनने वरवंटा धरला तो काठी धरावी तसा. पहिली मिरची उडून मांजराच्या अंगावर पडली.

"असा नाही. अंग सोडा. झोका द्या," सोईला म्हणायची आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवायची. "हं. म्हणा आता: वाटते."

"वाटते."

"थोडं पाणी."

"थोडं पाणी."

"अजून वाटते. माझी सून नाही ऐकत, मी काय करू."

"अजून वाटते. माझी सून..." नोरीन थांबली. "सून?"

आणि सोईलाने सून म्हणजे काय ते सांगितलं, बराच वेळ, सुनेच्या सगळ्या खोड्यांसकट. नोरीनला त्यातला चौथा हिस्सासुद्धा कळला नसेल. पण ती मान डोलावत होती. सासवा-सुनांचं दुःख सगळ्या देशांत सारख्याच चेहऱ्याने सांगतात बहुतेक.

रोज असं चाललं. मला नदीतल्या दिवसांसारखं वाटायचं, अंगावरून काहीतरी सतत वाहतंय असं. फक्त आता ते पाणी नव्हतं, शब्द होते. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. एकदा मिरचीचा हात तिने डोळ्याला लावला आणि तिचं तोंड पार वेडंवाकडं झालं. पायरीवरून एर्विन शांतपणे म्हणाला, "असं तोंड नका करू, नोरिता. चटणी घाबरेल."

नोरीन हसली. अगदी खळखळून. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला ते कळलं होतं. कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तिने वरवंटा सोडला, ओले हात तसेच त्याच्या गुडघ्यांवर ठेवले आणि डोकं टेकलं. सोईला भाजी पाहायला म्हणून आत गेली. चुलीवर भाजी नव्हती, हे मला माहीत होतं.

लॉइसही आता वही घेऊन पायरीपाशी बसायची. सोईलाचं बोलणं ऐकून त्यातले शब्द लिहून घ्यायची. डेल तिला चिडवायचा, "काय गं मास्तरीणबाई, नापास झालीस का?" ती म्हणायची, "पहिलीत बसलेय. त्रास देऊ नकोस."

पुढच्या जूनमध्ये नोरीन-एर्विनची मुलगी शेरिल आली. आईवडिलांना परत न्यायला. तिकिटं काढून आणली होती, तिकडच्या एका चांगल्या वृद्धाश्रमाचे कागद आणले होते. अंगणात ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"आई, तिथं चांगले डॉक्टर आहेत. बाबांवर उपचार होतील."

"आणि ते बोलतील कोणाशी?"

"अगं, मी आहे ना!"

"बोल मग," नोरीन म्हणाली. "समोरच बसलेत."

शेरिल वडिलांकडे वळली. "बाबा, चला ना घरी," ती म्हणाली. एर्विन तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग काहीतरी बोलला. शेरिलला अर्थातच कळलं नाही. ती उठली, पर्स उचलली. तिचे डोळे भरले होते. "मी हॉटेलवर जाते. उद्या बोलू."

एर्विनने डावा हात पुढे केला. पुन्हा तेच बोलला, जरा मोठ्याने.

नोरीनने वरवंटा बाजूला ठेवला. पदराला हात पुसावेत तसे तिने एप्रनला पुसले आणि सावकाश, शब्द जुळवत, लेकीला तिच्या बापाचं बोलणं तिच्या भाषेत सांगितलं. "ते म्हणतात, लगेच उठू नका हो, बाळ. ऊन अजून आहे. तुमची खुर्ची उन्हात ओढून देऊ का?"

शेरिल उभीच राहिली. "असं म्हणाले? 'उठू नका' असं?"

"हो, आणि तेही आदरार्थी. इथं लेकरांनासुद्धा अहो-जाहो करतात. मायेनं."

"आई, बाबांनी मला जन्मात कधी थांब म्हटलं नाही. मी कधी फोन केला, कधी भेटायला आले, की ते घड्याळ बघायचे. 'निघ, गाडी चुकेल.' लग्नाच्या दिवशीसुद्धा तेच म्हणाले होते."

"मलाही तेच म्हणायचे गं," नोरीन म्हणाली. "मनात हे सगळं होतंच. तिकडच्या भाषेत त्यांना ते म्हणता येत नव्हतं."

एर्विन एवढ्यात खरोखरच उठायला लागला होता, एका हाताने तिची खुर्ची उन्हात ओढायला. शेरिल धावली. तिने त्याला बसवलं, खुर्ची स्वतः ओढली आणि बसली. ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत ती हलली नाही. ती विचारायची, नोरीन स्पॅनिशमध्ये सांगायची, तो उत्तर द्यायचा, नोरीन इंग्रजीत सांगायची. सात वर्षं दोन शब्दांवर काढलेली बाई बाप-लेकींच्या मधोमध बसून दुभाषी झाली होती. कधी अडली तर सोईलाकडे पाहायची, आणि सोईला हातांनी शब्द दाखवायची.

शेरिल अकरा दिवस राहिली. परत गेली ती एकटीच.

एर्विन त्यानंतर तीन वर्षं जगला. इंग्रजीचे थोडे शब्द परत आले, पावसात पांगलेली कोंबडीची पिल्लं एकेक करून परत यावीत तसे. एका सकाळी त्याने नोरीनला इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि तिने न पाहताच स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

तो गेला तेव्हा नोरीन नऊ दिवस अंगणात आली नाही. सगळ्यांना वाटलं, आता ती कॅनडाला जाणार. डेल तर म्हणाला, "काय उरलंय तिला इथं?" दहाव्या दिवशी ती आली. कोणाशी न बोलता माझ्यापुढे बसली, मिरच्या घेतल्या आणि वाटायला लागली. सोईलाही शेजारी येऊन बसली. ती मिरच्यांचे देठ काढून देत राहिली.

मग नोरीन म्हणाली, "डोन्या सोईला, रात्री त्यांच्याशी भांडायचं असलं तर मी आता कुठल्या भाषेत भांडू?"

"ज्या भाषेत ते उलट उत्तर द्यायचे त्याच भाषेत," सोईला म्हणाली.

नोरीन अजून इथंच आहे. गावात नवीन आलेली परदेशी माणसं तिला विचारतात, कुठली खानावळ चांगली, स्पॅनिश कुठल्या वर्गात शिकावं. ती त्यांना माझ्यापुढे बसवते आणि हातात वरवंटा देते. काहीजण फोटो काढून निघून जातात. एखादा बसून राहतो.

मित्रांनो, मिक्सर फेकून द्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. मनगटं दुखतात, हे मी पाहिलं आहे. माझं मागणं एवढंच आहे की ज्या माणसांच्या हातचं जेवता त्यांच्याजवळ थोडं बसा, त्यांचे शब्द तोंडात घोळवून पाहा, चुकलात तर चुका. आणि घरात कोणी कमी बोलणारं असेल तर ते कुठल्या भाषेत मोकळं होतं ते शोधा. वेळ आहे तोवर शोधा. आणखी एक. वाटून झालं की पाटा लगेच धुवून ठेवत जा. मीठ-मिरची अंगावर तशीच सुकली, तर दगडालाही झोंबते.